गळ्याची शपथ आणि दुखण्याची गोळी

आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस आले की आमच्या मेडिकलात सकाळी सकाळी बायका येतात. वळवणकडच्या, कार्ल्याकडच्या. शेतावर जायच्या घाईत असतात, साडी आधीच वर खोचलेली असते आणि मागणी एकच, "दुखण्याची गोळी द्या." कुठं दुखतंय म्हणून विचारलं तर हसतात, कारण अजून काहीच दुखत नसतं. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावली की संध्याकाळी कंबर धरणार हे ठरलेलं, म्हणून गोळी सकाळच्या चहाबरोबरच घेऊन टाकायची. मावळात ही पद्धत मी शाळेत होते तेव्हापासून पाहते आहे. ज्याच्या खाचरात आवणी, त्यानं बायकांना चहा द्यायचा, भाकरी द्यायची आणि हातावर एकेक गोळी ठेवायची.

मी लोणावळ्यात वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. फार्मसीची पदविका घेतलेली आहे, आणि चिठ्ठीशिवाय असली गोळी मी कुणाला देत नाही. नुसती नाही म्हणून थांबतही नाही. किडनी कशी जाते, पोटात रक्त कसं येतं, सगळं ऐकवते. "या मॅडम गोळी देत न्हाईत, भाषण देत्यात," असं बायका माझ्या तोंडावर म्हणतात. यंदाही मी चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही, पण भाषणही दिलं नाही. एक बाई जाता जाता थबकली आणि बरं नाही का म्हणून विचारून गेली.

आई जाऊन वर्ष होत आलं. तिला माझ्या भाषणानं मारलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण मी काय केलं ते मला एकदा लिहून काढायचं आहे, कारण तोंडानं सांगायला गेले की मी समोरच्याशी भांडायला लागते, आणि समोरच्याचा त्यात काहीच दोष नसतो.

आई पवनानगरच्या अलीकडे एका गावात राहायची, माझा भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर. धरणाच्या काठानं आता तंबूंचे कॅम्प झालेत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि त्यांना चुलीवरची भाकरी हवी असते. सत्तरीला टेकलेली माझी आई अशाच एका कॅम्पवर भाकऱ्या थापायची. त्याआधीचं सगळं आयुष्य तिनं दुसऱ्यांच्या खाचरांत आणि मग उरलेल्या वेळात आमच्या तुकड्यात आवणी करण्यात घालवलं. गुडघे गेले होते, कंबर गेली होती. आवणीपुरती असलेली गोळी कधी वर्षभराची झाली ते आम्हाला कळलंच नाही. सकाळी एक, आणि कॅम्पवर गर्दी असली की संध्याकाळी आणखी एक. डायक्लोफेनॅक. मी देत नसे, पण पवनानगरला, कामशेतला, कुठंही मिळायची. कॅम्पवरच्या बाकीच्या बायकांनाही ती आपल्या पिशवीतली वाटायची.

आई लबाड होती. हे मी प्रेमानं लिहिते आहे. मशेरी सोडली म्हणून सांगायची आणि घरात तीन ठिकाणी लपवून ठेवायची. चहात साखर नको म्हणायची आणि वहिनीची पाठ वळली की दोन चमचे घालून मोकळी व्हायची. पकडली की, "मी कुटं? उंदरानं खाल्ली आसंल," असं म्हणून पकडणाऱ्यालाच हसवायची. तिच्या खोटं बोलण्यावर घरात कुणी रागवायचंसुद्धा नाही.

एकाच बाबतीत ती खोटं बोलत नसे, ती म्हणजे शपथ. आमच्या आजोबांनी छप्पनच्या धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत घालून पवनेत सोडले. तेव्हापासून घरात देव्हारा नाही. भिंतीवर दोन तसबिरी आहेत, त्यांच्यासमोर पौर्णिमेला वंदना होते, पण त्यांची शपथ कुणी घेत नाही. आई म्हणायची, "देव आपण मानत न्हाई, तवा शपत घ्यायची तर जित्या माणसाची घ्यायची." जित्या माणसाची म्हणजे त्याच्या गळ्याची. दोन बोटांनी त्याच्या गळ्याची कातडी चिमटीत धरायची आणि बोलायचं. मोडली तर त्या माणसाच्या जिवावर बेतणार. देव गेले, पण ही शपथ काही घरातून गेली नाही. ही अंधश्रद्धा आहे हे मी आईला शंभरदा सांगितलं असेल. "आसू दे," एवढंच ती म्हणायची.

मी चौथीत होते तेव्हा मैत्रिणींबरोबर नदीवर पोहायला गेले होते. घरी आईनं तिच्या गळ्याची शपथ घातली, खरं सांग म्हणाली, आणि मी चिमटीत तिचा गळा धरून, नाही गेले, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. माझी पाचावर धारण बसली. मी शेजारच्या मावशीकडं पळत गेले आणि सुटली म्हण, सुटली म्हण म्हणून तिच्या मागं लागले. आमच्याकडं शपथ सोडवायची ती अशीच. डोक्यावर हात ठेवून तीनदा 'सुटली' म्हणायचं. मावशी म्हणाली, "माझ्या म्हणण्यानं काय हुतंय? जिनं घातली तिनंच सोडवायला लागती." शेवटी मी आईच्या अंथरुणाशी जाऊन सगळं कबूल केलं. तापलेला हात तिनं माझ्या डोक्यावर ठेवला आणि तीनदा सुटली म्हणाली. मग म्हणाली, "आता खा दोन घास." त्यानंतर तिच्या गळ्याची खोटी शपथ मी कधी घेतली नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी तिचं रक्त तपासून घेतलं. काही होत होतं म्हणून नाही, असंच, वय झालंय म्हणून. किडनीचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला निघाला. माझं डोकं फिरलं. वीस वर्षं मी जे लोकांना ओरडून सांगत होते ते माझ्या घरात झालं होतं. रिपोर्ट घेऊन मी लोकलनं कामशेतला उतरले, जीप पकडली आणि तडक गाव गाठलं. आई चुलीपुढं बसली होती. गोळी आजपासून बंद, असं मी सांगितलं.

"व्हय व्हय, बंद," आई म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मला कळलं, ही मशेरीसारखीच बंद होणार.

मग मी तिच्यासमोर बसले. तिचा हात धरला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ घे. मी अंधश्रद्धा म्हणून जिची थट्टा करायची, तीच शपथ मला त्या दिवशी कामाला आली. आईचा चेहरा उतरला.

"आसं नको करू, बाय," ती म्हणाली. घरातली मोठी माणसं मला बाय म्हणतात. "मशेरीची घे, चहाची घे. ही नको."

"हीच पाहिजे."

"आगं, मग उठू कशी सकाळी? पाय टेकत न्हाई माजा."

"घेतेस की मी जाऊ परत?"

तिची बोटं खरखरीत होती. माझ्या गळ्याला ती दोन बोटं लागली आणि ती हळू आवाजात म्हणाली, "तुज्या गळ्याची शपत, दुखण्याची गोळी खाणार न्हाई." मला जिंकल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. पिशवीतून मी तिच्यासाठी आणलेली दुसरी डबी काढली आणि ही रोज घ्यायची, हाडं बळकट होतील, असं सांगितलं. त्या गोळ्या कॅल्शियमच्या होत्या, ड जीवनसत्त्व घातलेल्या. ती डबी मी माझ्या हातानं दिली हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पहिले काही आठवडे ती नुसती दुखण्यानं कण्हायची. फोनवर वहिनी सांगायची की आई भिंत धरून चालतात. मी म्हणायचे, सवय होईल. मे महिन्यात तिला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची आणि सारखी लघवीला जायची. मी गेले, ग्लुकोमीटरनं साखर पाहिली, चांगली निघाली. उन्हाळा आहे, असं मी म्हटलं. जेवण कमी झालं, पोट साफ होईना, तेव्हा मी पोट साफ व्हायचं औषध दिलं. दुपारी चूल पुढ्यात असताना बसल्या बसल्या तिला झोप लागायला लागली, तेव्हा वय झालं म्हटलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर होतं. मेडिकलातल्या माणसाचं हेच वाईट असतं. आजार कळला नाही तरी औषध ठाऊक असतं.

जूनच्या सुरुवातीला कॅम्पवरून भावाला फोन आला. आई परातीपुढं बसून भाकरी थापत होती, पण परातीत पीठच नव्हतं. हात नुसताच गोल फिरत होता. बायकांनी हाक मारली तर तिला आपण कुठं आहोत ते सांगता येईना. भावानं तिला वडगावला नेलं, मी लोणावळ्याहून तिथंच पोचले. मला पाहून तिनं तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि तू कवा आलीस म्हणून विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. साडेदहाच्या आत असायला हवं ते कॅल्शियम जवळजवळ पंधरा झालं होतं. तो कागद हातात घेऊन मी बाकावर बसले. पर्समध्ये तिच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची नवी डबी होती, त्याच आठवड्यात द्यायची म्हणून घेतलेली.

सोनोग्राफीत उजव्या किडनीवर गाठ दिसली. पुण्याला नेल्यावर कळलं की तो कॅन्सर होता आणि फुप्फुसापर्यंत पोचला होता. म्हणजे मार्चमधला तो वाढलेला आकडा गोळ्यांचा होता की गाठीचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा मी शपथ घालायच्या ऐवजी एक सोनोग्राफी करून घेतली असती तर गाठ तेव्हाच दिसली असती. हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

पुण्याच्या त्या वॉर्डात पहिले तीन दिवस आई आमच्यात नव्हती. डोळे अर्धवट उघडे आणि हात सारखे चालू. आधी मला वाटलं चादर ओढते आहे. मग ओळखलं. डाव्या हातात रोपांची जुडी धरल्यासारखी मूठ, उजव्या हातानं त्यातली दोन-तीन रोपं सोडवायची आणि अंगठ्यानं चादरीत दाबायची. मग थोडं मागं सरकायचं. आवणी करताना बाई मागं मागं सरकत जाते तसं. माझी आई पलंगावर आवणी करत होती आणि तिला मागं सरकायला जागा नव्हती. नर्सनं हात बांधू का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले आणि उशाशी आणखी एक उशी लावली, कठड्यावर डोकं आपटू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. मी मेडिकलातली आहे हे कळल्यामुळं ते मोकळेपणानं बोलले. हाड हे काही वाळलेलं लाकूड नाही, ते म्हणाले. रोज थोडं विरघळतं आणि रोज थोडं भरून निघतं. काही कॅन्सर असे असतात की ते हाड विरघळवणाऱ्या पेशींना हुकूम पाठवतात. हाडातलं कॅल्शियम मग रक्तात येतं, माणसाला तहान लागते, पोट साफ होत नाही, झोप येते आणि शेवटी भ्रम होतो. बहुतेक वेळा हा हुकूम एका प्रथिनाकडून जातो, शरीरातल्या एका हार्मोनसारखं दिसणारं ते प्रथिन असतं. आईच्या रक्तात ते वाढलेलं नव्हतं. "काही गाठी वेगळ्या असतात," डॉक्टर म्हणाले. "किडनीच्या काही गाठी प्रोस्टाग्लॅंडिन बनवतात. आणि ते हाडाला तेच करतं."

प्रोस्टाग्लॅंडिन मला माहीत होतं. पदविकेच्या परीक्षेत त्यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. कुठं लागलं, सुजलं की शरीर ते बनवतं आणि म्हणून दुखतं. दुखण्याची गोळी काम करते ती हे बनणं थांबवून. म्हणूनच ती पोटाला आणि किडनीलाही त्रास देते, कारण तिथं त्याची थोडी गरज असते. माझं सगळं भाषण याच वाक्यावर उभं होतं. ते हाडही विरघळवू शकतं, एवढं मात्र मी कधी वाचलं नव्हतं. वाचलं असलं तर विसरले होते.

"आधी कुठल्या गोळ्या चालू होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"डायक्लोफेनॅक. कैक वर्षं. रोज."

"बंद कधी केली?"

"मार्चमध्ये. मी बंद केली."

मी विचारलं, ती गोळी चालू असती तर? ते म्हणाले, "असं पाहा, अशा काही मोजक्या रुग्णांत या जातीच्या औषधांनी कॅल्शियम खाली आलेलं आहे. तुमच्या आईंचं त्यातलंच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते मोजून बघायची सोय रोजच्या कामात नसते. गाठ होतीच. गोळीनं गाठ थांबली नसती."

"पण कॅल्शियम?"

"कदाचित दबून राहिलं असतं. काही दिवस. कदाचित नाही."

ते दोन्ही 'कदाचित' मी घेऊन आले ते आजपर्यंत माझ्याकडं आहेत.

त्या दिवसापासून मला एकच आस लागली. आईनं मला फसवलेलं असू दे. तिनं शपथ मोडलेली असू दे, कॅम्पवर, मोरीत, चुलीमागं, कुठंही चोरून गोळी घेतलेली असू दे. तिनं ती घेतली असेल तर माझ्या शपथेनं काहीच घडलं नाही, मग जे झालं ते गाठीनं झालं. आयुष्यभर जिच्या लबाड्या मी पकडत आले तिची एक लबाडी सापडावी म्हणून मी आतून याचना करत होते.

चौथ्या दिवशी तिचे कपडे आणायचं निमित्त करून मी गावी गेले आणि घर उपसलं. पिठाच्या डब्यामागं मशेरीची पुडी सापडली. वाकळांच्या थप्पीत दुसरी. जुन्या चपलेत तिसरी. गोळीचं पाकीट एकही नाही, रिकामंसुद्धा नाही. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

"काय शोधताय, ताई?"

"गोळ्या. दुखण्याच्या. आई घ्यायची का गं अजून?"

"आमाला काय सांगत्यात व्हय त्या? घेत असतील कॅम्पवर."

मी कॅम्पवर गेले. तिथल्या बायका चुलीभोवती बसल्या होत्या. आईच्या पिशवीत गोळ्या कायम असायच्या, आम्हाला पण द्यायची, लय चांगली बाई, असं त्या म्हणाल्या. मार्चनंतर असायच्या का, मी विचारलं. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "ते न्हाई बाई ध्यानात." एवढ्यावर मी माझी आशा धरून ठेवली. ध्यानात नाही म्हणजे असायच्याही असतील, असं जीपमध्ये बसून स्वतःला समजावत मी पुण्याला परत आले.

सलाइन आणि हाडांचं विरघळणं थांबवणारं इंजेक्शन यांनी कॅल्शियम खाली आलं. सहाव्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर आई उशीला टेकून बसली होती आणि नर्सला विचारत होती, तुझं लग्न झालंय का. मला पाहून म्हणाली, "आलीस व्हय, बाय? किती वाळलीस." मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. पुढचे आठ-नऊ दिवस ती अगदी पहिल्यासारखी होती. कॅम्पवर भाकऱ्या कोण करतंय याची तिला काळजी लागून राहिली होती. माझी नवी साडी तिला आवडली नाही. एक चिमूट मशेरी आण म्हणून तिनं माझ्या नाकात दम आणला, आणि मी आणली. ती आणताना मला कसलाही नियम आठवला नाही. वहिनी भेटायला आली तेव्हा दोघींनी मिळून माझी टिंगल केली, ही दवाखान्यातल्या डॉक्टरलासुद्धा भाषण देते म्हणून.

त्या आठ-नऊ दिवसांत मी तिला विचारायला हवं होतं. आई, तू गोळी घेत होतीस का. एवढंच. रोज सकाळी लोकलमध्ये मी ते वाक्य तयार करायचे आणि रोज संध्याकाळी तसंच परत न्यायचे. ती नाही म्हणाली असती तर, या भीतीनं मी गप्प बसले. शपथ सोडवायचं तर डोक्यातही आलं नाही. ती माझ्या लेखी मार्चमध्ये काढलेली एक युक्ती होती, काम झालं की संपली. मी तिच्या डोक्यावर तेलाचा हात फिरवत होते, वेणी घालत होते, आणि तोच हात तिथं ठेवून तीनदा 'सुटली' म्हणायला मला सुचलं नाही. हे मला आजही सहन होत नाही.

नंतर कॅल्शियम पुन्हा चढायला लागलं. दुसरं इंजेक्शन दिलं, फार फरक पडला नाही. आईची झोप वाढली, जेवताना घास तोंडातच राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता एक जुना उपाय करून पाहता येईल. तुमच्या आईंच्या गोळीच्याच जातीचं औषध आहे, इंडोमेथासिन. किडनीला जपून द्यावं लागेल, पण आता आपल्याला किडनीचा फार पुढचा विचार करायचा नाही. लागू पडलं तर त्या थोड्या शुद्धीवर येतील, तुमच्याशी बोलतील. मी लगेच हो म्हणाले. बोलतील, एवढंच मी ऐकलं होतं.

शेवट काय झाला ते इथंच सांगते, म्हणजे पुढचं सांगायला मला अडचण होणार नाही. ते औषध तिच्या पोटात कधी गेलं नाही. दोन दिवस आम्ही प्रयत्न केला. मग तिला गिळताच येईना, आणि डॉक्टर आणि मी मिळून ठरवलं की आता तिला त्रास द्यायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. गावातल्यांनी खाचरं सोडून तिला निरोप दिला, आवणीचेच दिवस होते.

पण ते औषध सुरू करायचं त्या पहिल्या दुपारी नर्स ट्रेमध्ये औषधं घेऊन आली. आई जागी होती, नजर थोडी भिरभिरती. आधीच्या दोन गोळ्या तिनं निमूट घेतल्या. नर्सनं तिसरी पुढं केली आणि प्रेमानं म्हणाली, "आजी, ही दुखण्याची गोळी. घ्या, बरं वाटेल."

आईनं तोंड घट्ट मिटलं. नर्सनं चमच्यात पाणी घेऊन पुन्हा प्रयत्न केला, तर आईनं मान भिंतीकडं फिरवली. "भ्रमात आहेत," नर्स मला म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मी पुढं झाले, तिचा चेहरा माझ्याकडं वळवला आणि म्हटलं, घे गं आई.

"न्हाई," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. "दुखण्याची न्हाई खात मी. शपत हाय."

मी विचारलं, कुणाची शपथ.

"माज्या बायची. गळ्याची हाय. मार्चापासनं एक न्हाई खाल्ली." आणि मग, मी काही म्हणायच्या आत, जणू मी तिला मोहात पाडायला आले होते अशा रागानं, "लय दुखतंय, पण न्हाई खाल्ली."

मला जे ऐकायचं नव्हतं ते मी ऐकलं. ट्रे हातात धरून नर्स उभी होती. मी आईच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्या वॉर्डासमोर, आणि म्हणाले, सुटली. सुटली. सुटली. मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग राहिला नव्हता. आल्या-गेल्या पाहुण्या बाईकडं ती जशी बघायची तशी, आदबीनं बघत होती.

"तुमचं बराबर हाय हो, मावशी," ती म्हणाली. "पण तुमच्या म्हणण्यानं न्हाई सुटत. जिनं घातली तिनं सोडवायला लागती."

"मीच घातली, आई. मी बाय."

ती हसली. माझी समजूत काढावी तसं हसली आणि माझा हात डोक्यावरून अलगद काढून ठेवला. "न्हाई हो. आमची बाय लोणावळ्याला मेडिकलात असती. लय कामं असत्यात तिला. सुट्टी झाली की येती ती. ती आली की खाईन मी."

नर्सनं गोळी परत ट्रेमध्ये ठेवली आणि नंतर बघू म्हणून पुढच्या पलंगाकडं गेली. आईनं दाराकडं तोंड केलं. मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले, आणि आम्ही दोघी माझी वाट बघत राहिलो.